घोटावड्याचं निलंबित मंडळ

लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना आमचे नातेवाईक हमखास अडखळतात. "ही विजया. जागतिक शांततेचं काम करायची," असं कुणी म्हणालं की समोरचा माणूस आधी हसतो, मग टीव्हीवर चाललेल्या ताज्या युद्धाचं नाव घेतो आणि विचारतो, "मग काय उपयोग झाला तुमचा?" पूर्वी मी समजावत बसायचे. आता उलट विचारते, तुम्ही तुमच्या सख्ख्या भावाशी बोलता का? बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो आणि आम्ही दोघंही जेवायला जातो.

या अंकाच्या संपादकांनीही साधारण तोच प्रश्न विचारला, फक्त जरा अदबीने. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ज्या संघटनेत माझं आयुष्य गेलं तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही सगळे तिला नुसतं 'परिषद' म्हणायचो. जगातल्या कितीतरी देशांत तिची कार्यालयं आहेत, तिच्या पत्रांवर सुबक बोधचिन्ह असतं आणि तिच्या नोंदींनुसार घोटावड्याचं आमचं मंडळ आजही निलंबित आहे. ते तसं का आहे, हेच सांगायचं आहे.

मी मूळची मुळशीतल्या नांदे गावची. पुण्यात टंकलेखन शिकले आणि परिषदेच्या पुणे कार्यालयात चिकटले. पहिली काही वर्षं मी फक्त इतरांची भाषणं टाइप केली. त्यातूनच मला परिषदेचा जन्म कसा झाला ते कळलं. ती गोष्ट कुठल्याही भाषणापेक्षा चांगली आहे.

मोठं युद्ध संपलं तेव्हा युरोपात नदीकाठी एक गाव होतं. नदी हीच दोन देशांची हद्द. एका काठाला पंपघर, दुसऱ्या काठाला पाण्याची टाकी. युद्धापूर्वी दोन्ही काठ एकच पाणी प्यायचे. युद्धात पूल पडला, नळ फुटला आणि दोन्हीकडची माणसं तहानलेली राहिली. दोन्ही राजधान्यांनी सांगितलं, करार होईपर्यंत थांबा. गावकरी थांबले नाहीत. दोन्ही काठांवरची काही माणसं, ज्यांनी एकमेकांची पोरं मारली होती अशी, होडीतून ये-जा करून नळ जोडू लागली. काम करताना भांडायची, शिव्या द्यायची, पण एकत्र बसायची. नळ जोडून झाला तरी त्यांचं बसणं थांबलं नाही. आसपासच्या गावांनी ते पाहिलं आणि आपापली मंडळं काढली. पुढे या मंडळांनी मिळून परिषद स्थापन केली.

म्हणजे आधी मंडळं झाली, परिषद नंतर. हे लक्षात ठेवा, कारण सगळा वाद याच्यावरच झाला.

रचना सोपी आहे. तळाशी गावोगावची मंडळं. मंडळ कुणालाही काढता येतं, अट एकच: त्या गावात जे भांडण आहे त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं मंडळात हवीत. नुसत्या सज्जनांचं मंडळ चालत नाही. एका देशातली मंडळं मिळून देश समिती निवडतात. दर काही वर्षांनी सगळ्या देशांची महासभा भरते, ती कार्यकारिणी निवडते, आणि कार्यकारिणी पगारी माणसं नेमते. त्या पगारी माणसांच्या कार्यालयाला म्हणतात सचिवालय. मी तिथलीच, अगदी शेवटच्या पायरीवरची. मंडळांना हवी ती मदत करणं हे सचिवालयाचं काम. संस्थापकांनी नियमावलीत तेच शब्द लिहिले आहेत. पण पुढे देणगीदार आले, अहवाल आले, वातानुकूलित सभागृहं आली. महासभा काही वर्षांतून एकदा भरते आणि सचिवालय रोज उघडं असतं. जो रोज हजर असतो तो हळूहळू मालकासारखा वागू लागतो. हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

टाइपिंगमधून मला बाहेर काढून संघटक केलं, तेव्हा मुळशीचा भाग दिला. संघटक नेमकं करतो काय? तो एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात नेतो आणि नेताना त्यात मीठमसाला घालत नाही. वाचायला सोपं वाटतं, करून पाहा. मला जुन्या संघटकांनी दोन-तीन गोष्टी शिकवल्या होत्या. सुरुवात कुणी केली हे कधीही विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर आजोबांपर्यंत जातं. एका बाजूकडे चहा घेतला तर त्याच दिवशी दुसऱ्या बाजूकडेही घ्यायचा. आणि कुणाच्याही अंगणात बैठक घ्यायची नाही. या चहाच्या नियमाने माझं पित्त कायमचं बिघडलं. कासारसाईला धरणाच्या पाण्यावरच्या मोटारीवरून दोन चुलत घरं भांडत होती, तेव्हा मी दोन्हीकडचा इतका चहा प्यायले की शेवटी दोन्ही घरांनी आपसात ठरवून मला ताक द्यायला सुरुवात केली. दोन्ही घरांचं पहिलं एकमत ते. मोटारीचं जमायला त्यानंतर वर्ष गेलं.

त्याच भागातल्या घोटावड्याचं मंडळ सुरू झालं ते एका तारेच्या कुंपणावरून. डोंगरावर कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्या पायवाटेने खाली रस्त्याला यायची, तिच्यावर जमीनमालकांनी प्लॉट पाडले आणि तार ओढली. वाडीतल्या माणसांना लांबचा वळसा पडू लागला. वाडीकडून सोमा हिलम मंडळात आला. मजुरीला जाणारा, कमी बोलणारा, पण बोलला की विसरू न देणारा माणूस. मालकांकडून कोणी येईना. शेवटी शेवंताकाकू आल्या. नवरा गेल्यानंतर त्यांनी रस्त्याकडेची जमीन न विकता तिथे खोल्यांची चाळ बांधली होती आणि कंपन्यांत काम करणारी परप्रांतीय माणसं भाडेकरू ठेवली होती. त्या पहिल्या बैठकीला म्हणाल्या, "तार माजी न्हाई. पन माज्या पुतन्याची हाय, आन माज्या शेताला लागून हाय. म्हनून आले." पुतण्या म्हणजे तानाजी. गावात त्याचा शब्द चालायचा.

पुढे काकूंच्याच चाळीतला बिंदेश्वर मंडळात आला. बिहारचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. चाळीतल्या माणसांचं आणि गावाचं किरकोळ काही ना काही चालू असायचं, त्याची बाजू मांडायला कुणीतरी हवं होतं. असं ते मंडळ. महिन्यातून एकदा बसायचे, तारेवर भांडायचे आणि उठायचे. माझ्या अहवालात मी त्याला 'प्रगतिपथावर' म्हणायचे.

मग तो उन्हाळा आला. गावाच्या नळाला दिवसाआड पाणी होतं. तानाजीचा मुलगा ओंकार चाळीची तोटी बंद करायला गेला, कारण चाळ जास्त पाणी ओढते असं गावाचं म्हणणं होतं. चाळीतला संतोष नावाचा तरुण कामगार तेव्हा पाणी भरत होता. बोलाचाली झाली, धक्काबुक्की झाली आणि संतोषने हातातला लोखंडी पाना ओंकारच्या डोक्यात मारला. ओंकार जागेवर पडला. त्याला पुण्याला हलवलं. जीव वाचला, पण एका कानाने त्याला आजही ऐकू येत नाही.

संध्याकाळपर्यंत फोनवर काय काय फिरलं ते लिहीत नाही. बाहेरच्यांनी टोळी करून पोराला मारलं, असं त्याचं रूप झालं होतं. चाळीतल्या दोघांना रस्त्यात गाठून बडवलं गेलं. त्यांचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी देवळापुढे गाव जमलं आणि तानाजीच्या सांगण्यावरून ठरलं की आठवड्याभरात परप्रांतीयांच्या सगळ्या खोल्या रिकाम्या करायच्या. जो मालक ठेवील त्याला गाव बघून घेईल. दुपारपासूनच टेम्पो भरायला लागले. गाद्या, शेगड्या, पंखे, सायकली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ते बघत होते. कुणी ओरडत नव्हतं की रडत नव्हतं. माणसं मुकाट निघून जाताना पाहणं मारामारी पाहण्यापेक्षा कठीण असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच वेळी सचिवालयाचा फोन आला. आमचे प्रादेशिक संचालक सेनसाहेब. बंगाली, मृदू बोलणारे, मला त्यांच्याबद्दल आदर होता आणि आहे. त्यांनी सांगितलं की सुरक्षेच्या नियमाप्रमाणे मी ताबडतोब पुण्याला परतावं, मंडळाची कामं थांबवावीत, आणि परिषद एक निवेदन काढील. मी म्हटलं, निवेदन कोण वाचणार? ते म्हणाले, विजयाजी, हा सल्ला नाही, सूचना आहे.

मी काकूंकडे गेले. त्या चाळीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मार खाल्लेला पोरगा त्यांच्या पुतण्याचा मुलगा आणि मारणारा त्यांचा भाडेकरू. सकाळी त्या दवाखान्यात ओंकारच्या उशाशी बसून आल्या होत्या आणि आता चाळीच्या दारात होत्या. मी त्यांना सेनसाहेबांचा निरोप सांगितला. काम थांबवायचं, मला परत जायचं.

त्यांनी विचारलं, "काम थांबवा म्हंजी काय करू? त्यो पोरगा माजा न्हाई म्हनू, का ही मानसं माजी न्हाईत म्हनू?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"तुजी नोकरी हाय, तू जा," त्या म्हणाल्या. "मला कुनी नेमलेलं न्हाई. मंग काढनार कोन?"

मी गेले नाही. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. मला राग आला होता. ज्या कामासाठी इतकी वर्षं पगार घेतला ते काम पहिल्यांदा खरोखर समोर उभं होतं, आणि नेमकं तेव्हाच मला बॅग भरायला सांगत होते. मी सेनसाहेबांना फोन करून कळवलं की मी इथेच आहे, आणि मंडळ बैठक घेणार आहे. दुसऱ्या दिवशी मंडळ निलंबित केल्याचं पत्र ई-मेलने आलं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. बिंदेश्वरने विचारलं, "मतलब, अब हम लोग झगडा करें?" त्या सबंध आठवड्यात आम्ही तेवढंच एकदा हसलो.

बैठक घ्यायची कुठे हा प्रश्न होता. देवळापुढे चाळवाले येणार नाहीत, चाळीत गाव येणार नाही. सोमा एका बाजूला उकिडवा बसून ऐकत होता. तो म्हणाला, "वाडीवर या. आमच्या समाजमंदिरात. आमी ना तुमच्यातलं, ना त्यांच्यातलं."

मला हायसं वाटलं. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"येताना वळसा घालून या सगळी. आमी येतो तशी. आन तुमचं झालं की आमच्या वाटंचं बी बोलायचं. न्हाईतर जागा न्हाई."

बिंदेश्वर म्हणाला, आत्ता तो विषय कशाला, माणसं घाबरलीत. सोमाने त्याच्याकडे पाहून सावकाश सांगितलं की आमच्यासाठी 'आत्ता' कधीच येत नाही. काकू म्हणाल्या, बरोबर हाय त्याचं. ठरलं.

मग माझं खरं काम सुरू झालं. मी तानाजीकडे गेले. तो दवाखान्यातून नुकताच आला होता, डोळे लाल. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्यानेच बोलले. मी त्याला माफ कर म्हटलं नाही, पोलिसांतली तक्रार मागे घे असंही म्हटलं नाही. अनेकांना वाटतं की शांततेवाले म्हणजे प्रकरण मिटवणारे. मी उभ्या आयुष्यात कुणाला तक्रार मागे घ्यायला सांगितलेलं नाही. ज्याचं डोकं फुटलंय त्याला मोठेपणा दाखव म्हणणं हा दुसरा पाना असतो. मी एवढंच म्हटलं की ज्याने मारलं तो तुमच्यासमोर येऊन बसायला तयार झाला, तर तुम्ही याल का? तानाजी म्हणाला की येईन, आणि आलो की काय करीन ते मलाच माहीत नाही. मी म्हटलं, हे मी त्याला जसंच्या तसं सांगते.

संतोष चाळीतून गायब होता. बिंदेश्वरला त्याचा ठावठिकाणा माहीत होता. त्याने त्याला शोधून काय समजावलं ते मला माहीत नाही, पण मी तानाजीचं वाक्य एक शब्दही न बदलता पोचवलं होतं, हे बिंदेश्वरने त्याला सांगितलं. त्यावर संतोष म्हणे एवढंच म्हणाला, निदान खोटं तरी सांगत नाहीत. तो यायला तयार झाला. अट माझी होती: बैठकीनंतर तो स्वतःहून पोलिसांत हजर होईल. तेही त्याने मान्य केलं.

वाडीवर त्या दिवशी कडक ऊन होतं. सगळे वळसा घालूनच वर आले. गावातली मंडळी धापा टाकत होती, काहींना मध्येच बसावं लागलं. वाडीतल्या बायकांनी पाणी दिलं. पाण्याचं भांडण घेऊन आलेले ते सगळे ते पाणी प्यायले, तेव्हा वाडीची विहीर किती आटली आहे हे कुणी विचारलं नाही. मी पाहून आले होते.

समाजमंदिरात तानाजी एका भिंतीला, संतोष समोरच्या. संतोषच्या दोन्ही बाजूंना बिंदेश्वर आणि सोमा. मधे मी, भाषेसाठी. संतोष हिंदीत बोलला, मी मराठीत सांगत गेले. तो म्हणाला, "ओंकारने माझ्या आईवरून शिवी दिली, म्हणून मी मारलं. पण पाना हातात आहे हे मला माहीत होतं." ते वाक्य भाषांतरित करताना मी क्षणभर थांबले. तो 'माहीत नव्हतं' म्हणू शकला असता. कुणीही म्हणालं असतं.

तानाजी उठला. त्याच्यामागचे दोघे-तिघे उठले. मला वाटलं, संपलं. सोमा जागचा हलला नाही, फक्त संतोषच्या जरा पुढे सरकून बसला. तानाजीने उभ्यानेच संतोषला विचारलं, "तुजं वय काय?"

संतोषने सांगितलं. ओंकारच्याच वयाचा.

तानाजी खाली बसला. तो रडला नाही आणि त्याने माफही केलं नाही. म्हणाला, "ह्याला सजा व्हायला पायजे. बाकीच्यांचं मी काय बोलत न्हाई."

तेव्हा काकू बोलल्या. त्यांचं बोलणं मला शब्दशः आठवतं. "बाकीच्यांचं बोलावं लागंल तान्या. गावाला खोल्या खाली करायला तूच सांगितलंस. तुज्या पोराच्या उशाशी मी आजबी बसनार आन उद्याबी बसनार. पन माजी खोली एकबी खाली व्हनार न्हाई. गावानं मला बघून घ्यायचं असंल तर आदी तू बघ. मी हितंच हाय."

तानाजी म्हणाला, "काकी, गावात मला तोंड दाखवायचंय."

"मला बी," काकू म्हणाल्या.

बैठकीत कोणताही ठराव झाला नाही. आमच्याकडे होतही नाहीत. संतोष बिंदेश्वरबरोबर पोलिसांत गेला, त्याच्यावर खटला झाला, त्याला शिक्षा झाली. गावाचा खोल्या रिकाम्या करण्याचा निर्णय कुणी जाहीरपणे मागे घेतला नाही. पण तानाजीने त्यावर पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि काकूंनी खोल्या ठेवल्या म्हटल्यावर आणखी काही घरमालकिणींनी ठेवल्या. टेम्पो थांबले. गेले त्यांतले बरेच परत आले नाहीत. चाळीच्या शेवटच्या खोलीत ओडिशाचं एक जोडपं राहायचं. त्यांची मुलगी अंगणवाडीत मराठी गाणी म्हणायला शिकली होती. ती माणसं कुठे गेली ते मी शोधलं, सापडली नाहीत. कुणी मला यशाबद्दल विचारलं की मला आधी ती बंद खोली आठवते.

आता परिषदेचं. महिन्याभराने सचिवालयातून एका मुलीचा फोन आला. वार्षिक अहवालासाठी घोटावड्याच्या बैठकीचे फोटो हवे होते, शक्यतो संतोष आणि तानाजी एका चौकटीत. मी म्हटलं, ते मंडळ तुम्ही निलंबित केलं आहे. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, ते दुसरं खातं आहे, मॅम. काकूंना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की त्या फोटोत ओंकारचा कान कुठं दाखवणार हाय. फोटो दिले नाहीत.

मग सेनसाहेब स्वतः आले. हे त्यांच्या मोठेपणाला धरून होतं. चाळीपुढे खुर्च्या टाकल्या, मंडळ बसलं. ते हिंदीत बोलत होते, काकू मराठीत, आणि मी दोघांच्या मधे. त्यांना समजावून सांगायचं होतं की सूचना मोडून मंडळाने स्वतःला आणि परिषदेला धोक्यात घातलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सायेब, तुमाला कुनी नेमलं?"

कार्यकारिणीने, ते म्हणाले.

"तिला कुनी निवडलं?"

महासभेने.

"आन म्हासभेत कोन बसतं?"

सेनसाहेबांना प्रश्न कुठे चालला आहे ते केव्हाच कळलं होतं. तरी त्यांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाले, देशोदेशींच्या मंडळांनी पाठवलेली माणसं. म्हणजे तुम्ही. तुमचं बरोबर आहे.

आणि मग ते जे बोलले ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या एका देशात त्यांच्या हाताखालच्या एका मंडळाने असंच ठरवलं होतं, की आम्ही उठणार नाही. सेनसाहेबांनी तेव्हा त्यांना शाबासकी दिली होती. ती माणसं बैठकीच्या खोलीतच मारली गेली. सेनसाहेबांनी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. सुरक्षेचा नियम त्यानंतर त्यांनी स्वतः लिहिला. "तुमची बैठक नीट पार पडली म्हणून तुम्ही बरोबर ठरलात," ते म्हणाले. "नसती पडली तर?"

मी हे मराठीत सांगितलं. मग सोमा म्हणाला, "तर मेलो असतो. पन तुमी थांबा म्हनलं म्हनून आमचं गाव दुसरीकडं जात न्हाई. तुमची गाडी हाय, तुमी जाल. आमी हितंच ऱ्हानार, त्यांच्यातच."

सेनसाहेबांनी मान हलवली. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही, आणि त्यांचं चुकलं असंही नाही. त्यांनी आपली मेलेली माणसं पाहिली होती, आम्ही आमची जिवंत माणसं पाहत होतो. पण त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. धोका कुणाचा, हे ठरलं की निर्णय कुणाचा, हेही ठरतं. नदीकाठच्या त्या पहिल्या लोकांनी राजधान्यांना हेच सांगितलं होतं, आणि आता परिषद स्वतःच एक राजधानी होऊन बसली होती.

मंडळाने महासभेकडे हरकत पाठवली. महासभेत तिच्यावर चर्चा झाली, टाळ्या पडल्या आणि विषय अभ्यासासाठी एका समितीकडे गेला. ती समिती अजून अभ्यास करते आहे. माझ्यावर सूचना मोडल्याचा ठपका आला. दिलगिरीच्या मजकुरावर सही केली तर तो काढू, असं कळवलं. मी इतकी वर्षं इतरांचा मजकूर टाइप केला होता, पण सही कधी दुसऱ्याच्या मजकुरावर केली नव्हती, या मजकुरावरही केली नाही. नोकरीची उरलेली वर्षं मला पुण्यात टेबलावर बसवलं. घोटावडे माझ्या यादीतून काढलं. मी रविवारी जायचे, माझ्या पैशाने, पीएमपीच्या बसने. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

सोमाच्या वाटेचं काय झालं? त्या दिवशी वाडीवर विषय निघाला, तेव्हा सगळे दमलेले होते आणि कुणीच वळसा लहान आहे असं म्हणू शकलं नाही. तरी तार निघायला आणखी दोन पावसाळे गेले. आणि निघाली तीही एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच. आजारी माणसाला झोळीतून आणताना अजून तिरकं व्हावं लागतं. सोमा दर बैठकीत ते काढतो. तानाजी आता मंडळात आहे. तो दर बैठकीत वेगळं कारण देतो. मी याला अपयश म्हणत नाही. दोघं एका सतरंजीवर बसून एकमेकांचा राग राग करतात, आणि पुढच्या महिन्यात परत येतात. ओंकार वडिलांना गाडीवरून सोडायला येतो, आत येत नाही. त्याला आत ये असं कुणी म्हणतही नाही. आत न येणं हा त्याचा हक्क आहे.

मला लोक विचारतात की इतकी वर्षं घालवून जगात काय शांतता आली. मी आता सरळ सांगते, नाही आली. युद्ध करणाऱ्यांकडे विमानं आहेत, आमच्याकडे सतरंजी आहे. पण ज्यांना ही तुलना हास्यास्पद वाटते त्यांनी भरलेला टेम्पो परत रिकामा होताना बघितलेला नसतो. मी बघितला आहे. त्यातून एक पंखा खाली उतरवला गेला, पुन्हा त्याच खोलीत लागला आणि फिरू लागला. त्यासाठी मला नोकरीत जे भोगावं लागलं ते मी पुन्हा भोगीन.

अलीकडेच सचिवालयातून एक नवा अधिकारी घोटावड्याला येऊन गेला. तरुण, नम्र, मराठी बोलणारा. सेनसाहेब निवृत्त झालेत. नव्या मंडळींनी जुनी प्रकरणं साफ करायला घेतली आहेत. त्याने सांगितलं की परिषदेला घोटावड्याचं मंडळ पुन्हा सामावून घ्यायला आवडेल, फक्त मंडळाने तसा रीतसर अर्ज करायचा. बिंदेश्वरने माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या आता थकल्या आहेत, कानाशी हात धरून ऐकतात. त्यांना परत एकदा मोठ्याने सांगावं लागलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी त्या मुलाला आधी जेवायला बसवलं. तो जेवत असताना शेजारी बसून म्हणाल्या, "आमी बसतोयच की दर म्हैन्याला. आमचं काय आडलं न्हाई. परिशदंला आमच्यात यायचं आसंल तर अर्ज तिनं करावा. मंडळापुढं ठिवू आमी."

त्याने ते लिहून घेतलं.